भागीचे घोडे आणि आमची राणी

मराठीत एक म्हण आहे, 'भागीचे घोडे किवणाने मेले.' माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे ही म्हण मी शाळेत नाही, बाजारात शिकलो. किवण म्हणजे चिघळून सडलेली जखम. घोडा दोघांच्या मालकीचा. जखम झाली तेव्हा पहिल्याला वाटले दुसरा औषध लावील, दुसऱ्याला वाटले पहिला लावील. आमचे बुजुर्ग हेच उर्दूत 'साझे की हंडिया चौराहे पर फूटती है' असे म्हणत. या दोन्ही म्हणी मी अनेक वर्षे दुसऱ्यांना ऐकवीत आलो. माझ्या स्वतःवर पाळी आली ती कापडाच्या सौद्यात नव्हे, तर एका कुत्रीच्या मालकीत.

व्यापाराच्या पानावर कुत्र्याची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो की गोदामे, कारखाने, वखारी आणि गोठे राखण्यासाठी आपल्यापैकी पुष्कळजण कुत्रा ठेवतात. राखणीसाठी, गुरांसाठी व शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. शौक म्हणून घरात ठेवण्याचा प्रश्न वेगळा. कुत्र्याच्या खरेदी-विक्रीबाबत मात्र इमामांत मतभेद आहे. हनफी मसलकात उपयोगी कुत्र्याची विक्री जायज मानली जाते, शाफई मसलकात ती मानली जात नाही. तेव्हा ज्याने त्याने पैसे मोजण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मी येथे बोलणार आहे ते मालकीच्या कागदाविषयी.

गोष्ट २०१६ सालची. भिवंडीत आमचे गोदाम आणि शेजारचे गोदाम यांचे आवार एकच आहे. त्या वर्षी दोन वेळा ग्रे कापडाचे ताके चोरीला गेले. वॉचमन बदलला, दिवे वाढवले. शेवटी शेजारचे गोदामवाले म्हणाले, "मियाँ, चांगल्या जातीचा कुत्रा आणू. अर्धे माझे, अर्धे तुमचे." या गृहस्थांना मी वीस वर्षे बडे भाई म्हणत आलो होतो. अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड जातीचे तीन महिन्यांचे मादी पिल्लू चोवीस हजार रुपयांना घेतले. बारा हजार त्यांचे, बारा हजार माझे. केनेल क्लबच्या नोंदणीच्या कागदावर दोघांची नावे लागली. महापालिकेचा परवाना काढायच्या दिवशी मी सुरतेला माल बघायला गेलो होतो. "तुमच्या एकट्याच्या नावाने काढा, काय फरक पडतो," असे मीच फोनवर म्हणालो. काय फरक पडतो ते चार वर्षांनी कळले.

कुत्रीचे नाव राणी. हुशार जनावर. हमालांना ओळखायची, ट्रान्सपोर्टच्या टेम्पोचा आवाज ओळखायची. राणी आल्यानंतर आवारात एकही चोरी झाली नाही. तिच्या कामाविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती आम्हा दोन मालकांविषयी.

पहिली तकरार पिल्लांची. २०१८ साली राणीला सात पिल्ले झाली, एक दगावले. उरलेल्या सहांचे तीन-तीन असा माझा हिशेब. बडे भाई म्हणाले, "नर दाखवायला मी नेली, दोन महिने रात्री माझा माणूस जागला, म्हणून चार माझी." त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण मेहनतीची मजुरी वेगळी आणि मालकीचा हिस्सा वेगळा, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते. पैशांची वाटणी रुपयांत होते, कापडाची मीटरमध्ये होते. सहा पिल्लांत एक सर्वांत सुदृढ, एक सर्वांत अशक्त. पहिली निवड कोणाची, हा प्रश्न हिश्शाच्या आकड्याने सुटत नाही. शेवटी मी गप्प बसलो. व्यापारात गप्प बसणे म्हणजे मिटवणे नव्हे, खाते पुढे ओढणे होय.

दुसरी तकरार २०१९ सालची. राणीच्या कानाला जखम झाली. मला वाटले बडे भाईंचा माणूस तिला डॉक्टरकडे घेऊन गेला असेल. त्यांना वाटले माझा मुलगा घेऊन गेला असेल. पंधरा दिवसांत कान सुजून पू वाहू लागला. म्हणीतले घोडे आमच्या आवारात उभे होते आणि आम्हा दोघांना दिसत नव्हते. त्याच दुखण्याच्या चिडीत तिने एका हमालाच्या पोटरीला चावा घेतला. इस्पितळात त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुत्रीला रेबीजची लस दिली आहे का? वर्षाची लस चुकली होती. मागच्या वर्षी मी दिली होती, म्हणून या वर्षी त्यांची पाळी असे मी धरले होते. त्यांनी पाळी अशी काही धरलीच नव्हती. अल्लाहची मेहरबानी, हमाल बरा झाला. पण त्याची बुडालेली मजुरी कोणी द्यायची यावर, तो समोर बसलेला असताना, आम्ही दोन गोदामवाले अर्धा तास वाद घालत होतो. त्या अर्ध्या तासाची शरम मला आजही वाटते.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते पाहावे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंडविधानाच्या कलम २८९ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शब्द नीट पाहा : कायदा 'ताब्यातील' जनावर म्हणतो. कागदावर कोणाचा किती हिस्सा आहे यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात होते, हा प्रश्न आधी येतो. दोघांच्या आवारात बांधलेल्या जनावराचा ताबा कोणाचा, हे पोलीस ठाण्यात ठरवायची वेळ कोणावर येऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कडू आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. गोदामे बंद, हमाल गावाकडे. मी घरात अडकलो. फोनवर ठरले की राणीला बडे भाईंनी आपल्या घराच्या कंपाउंडमध्ये न्यावे. मी आनंदाने हो म्हटले. खाण्याचा अर्धा खर्च पाठवतो असेही म्हटले, पण धंदा ठप्प होता, उधारी येत नव्हती, तीन महिने मी एक पैसाही पाठवला नाही. त्यांनीही मागितला नाही. गोदाम उघडल्यावर मी राणीची विचारपूस केली तेव्हा कळले की दुसऱ्या शहरातल्या एका कारखानदाराला ती अठरा हजारांना विकून झाली होती.

मी तडक वकिलांकडे गेलो. माझे म्हणणे सरळ होते. अर्धी कुत्री माझी, माझ्या सहीशिवाय विक्री झालीच कशी? बुजुर्गांकडून ऐकलेला नियमही हाच आहे. शिरकते-मिल्कमध्ये, म्हणजे एका वस्तूच्या सामायिक मालकीत, प्रत्येक शरीक दुसऱ्याच्या हिश्शापुरता परका असतो. दुसऱ्याचा हिस्सा त्याच्या इजाजतीशिवाय तो विकू शकत नाही. वकिलांनी शांतपणे माल विक्री कायदा, १९३० उघडला. कायद्याच्या नजरेत कुत्रा, बैल, बकरी ही सारी जंगम मालमत्ता, म्हणजे 'माल'. त्यातील कलम २८ सामायिक मालकांविषयी आहे. अनेक मालकांपैकी एकाच्या हाती, बाकीच्यांच्या परवानगीने, मालाचा एकट्याचा ताबा असेल आणि त्याने तो माल विकला, तर खरेदीदार मालक होतो. अट एवढीच की खरेदीदाराची नियत साफ असावी आणि विकणाऱ्याला अधिकार नाही याची त्याला सौद्याच्या वेळी माहिती नसावी.

आता आमचे प्रकरण या मापाने मोजा. ताबा एकट्याचा होता? होता. परवानगीने होता? मीच दिली होती. खरेदीदाराला माझे नाव माहीत होते? नव्हते. त्याला राखणीला कुत्री हवी होती, वंशावळीच्या कागदाशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याला दाखवला गेला तो महापालिकेचा परवाना, आणि त्यावर नाव एकच! वकील म्हणाले, "कुत्री विसरा. तुमचा दावा आता शेजाऱ्यांवर, तुमच्या हिश्शाच्या पैशाचा." नोंदणीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात हे खरे. पण केनेल क्लब हे न्यायालय नव्हे. तो नोंद ठेवतो, दोन मालकांमधला करार पाळला गेला की नाही याचा निवाडा करीत नाही. सही अडवून मी फार तर कागद अडवला असता. जनावर गेले ते गेलेच.

आता दुसरी बाजू. जातिवंत कुत्र्यांच्या जगात सामायिक मालकी ही जुनी व नित्याची पद्धत आहे, आपल्या देशात आणि बाहेरही. पैदास करणारा माणूस मादी पिल्लू कमी किमतीत, कधी फुकटही देतो, पण कागदावर आपले नाव कायम ठेवतो. बदल्यात एका-दोन वेतांतली ठराविक पिल्ले त्याची, आणि नर कोणता हे तो ठरवणार. यात त्याचा हेतू वाईटच असतो असे नाही. चांगला वंश भलत्या हाती जाऊ नये, ही काळजी असते. पण सांभाळणाऱ्याने नीट विचार करावा. खाणे, लस, डॉक्टर, रात्रीची जागरणे तुमची. विकायचे, दुसऱ्याला द्यायचे, वीण घ्यायची म्हटले की सही त्याची. समजा मादीच्या गर्भाशयात पू झाला. नसबंदी न केलेल्या मोठ्या माद्यांत हा जीवघेणा आजार नेहमी दिसतो आणि गर्भाशय काढणे हाच त्याचा खात्रीचा उपाय असतो. करारात 'दोन वेत होईपर्यंत शस्त्रक्रिया करू नये' एवढेच लिहिले असेल, तर डॉक्टरांच्या टेबलावर जनावर आणि फोनवर भांडण, असा प्रसंग येतो.

माझ्या भाच्याला २०२३ मध्ये असेच 'अर्ध्या किमतीत पिल्लू' मिळत होते. मी त्याला म्हटले, पूर्ण किंमत देऊन पूर्ण मालक हो, किंवा घेऊच नकोस. अर्ध्या किमतीची सूट दिसते, पण पुढच्या दहा-बारा वर्षांची दुसऱ्याची सही त्या किमतीत धरलेली नसते.

पिल्ले विकून नियमित पैसा करायचा विचार असेल तर मामला आणखी बदलतो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ६ मध्ये स्पष्ट केले आहे की सामायिक मालमत्तेचे उत्पन्न वाटून घेतले एवढ्यानेच दोघे भागीदार होत नाहीत. पण दोघांनी मिळून तो धंदा म्हणूनच चालवला, तर कागद नसला तरी ती भागीदारी ठरू शकते, आणि मग धंद्यापोटी एकाने केलेले देणे दुसऱ्याच्याही गळ्यात येते. अशी फर्म नोंदलेली नसेल तर कलम ६९ आडवे येते, करारातला हक्क मागायला न्यायालयाचे दार सहसा उघडत नाही. शिवाय कुत्र्यांची पैदास व विक्री यासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नियम मोडला तर 'तो माझा शरीक बघत होता' हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण बोलायला कचरतो. दोघांपैकी एक मालक वारला तर? त्याचा अर्धा हिस्सा वारसांत जाईल. मुले असतील तर बीबीला आठवा, म्हणजे पूर्ण कुत्रीचा सोळावा हिस्सा! बाकीचे मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात. हसू येईल, पण उरलेला मालक त्या दिवशी पाच-सहा जणांच्या सह्या गोळा करीत फिरेल. आणि वारसांपैकी एखादा म्हणेल, माझा हिस्सा पैशात द्या.

कोणी विचारील, मग आपल्यात शिरकत नाही का? म्हशीच्या कुर्बानीत सात हिस्से असतातच की! असतात, आणि तकरार क्वचित होते. कारण तेथे हिस्से आधी ठरतात, पैसे आधी जमा होतात, गोश्त तराजूवर मोजून वाटले जाते आणि त्याच दिवशी शिरकत संपते. जी वस्तू मोजून वाटता येते आणि जिचा शेवट ठरलेला आहे, तिच्यात हिस्सेदारी सोपी. जिवंत जनावर बारा वर्षे खाते, आजारी पडते, विते, चावते आणि म्हातारे होते. त्याचे दोन तुकडे होत नाहीत. भांडण न्यायालयात गेलेच तर ते विकून पैसे वाटणे याहून दुसरी वाटणी फारशी उरत नाही. कुत्र्याला जे लागू तेच निम्म्या वाट्याने पाळायला दिलेल्या बकरीला, पैदाशीच्या बोकडाला, वरातीच्या घोड्याला लागू आहे. दोघांत घेतलेल्या टेम्पोलाही पुष्कळसे लागू आहे. फरक इतकाच की टेम्पोला भूक लागत नाही.

तेव्हा माझे मत साफ आहे. खर्च वाटून घ्या, काम वाटून घ्या, फायदा वाटून घ्या; पण जनावराचा मालक एकच ठेवा. दुसऱ्याचा जो हक्क असेल तो मालकी म्हणून नव्हे, करार म्हणून लिहा. आमच्या आवारात हे सहज जमले असते. कुत्री बडे भाईंची. मी राखणीबद्दल दरमहा ठरलेली रक्कम देणार. पिल्लांवर माझा हक्क नाही. चावली तर जबाबदारी मालकाची. चार ओळींचा कागद, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

तरीही ज्यांना सामायिक मालकी करायचीच असेल, त्यांनी पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी स्टॅम्प पेपरवर लिहून घ्याव्यात :

१. जनावर कोणाकडे राहील, आणि जागा बदलायची असल्यास लेखी कळवणे.

२. खाणे, लस, औषध यांचा खर्च कोणाचा, दर महिन्याच्या कोणत्या तारखेला हिशेब. लसीची जबाबदारी एकाच नावावर.

३. तातडीच्या इलाजाचा निर्णय ज्याच्याकडे जनावर आहे त्याने एकट्याने घ्यावा. दुसऱ्याने नंतर हरकत घेऊ नये.

४. वीण घ्यायची की नाही, किती वेळा, पिल्लांत पहिली निवड कोणाची, पिल्लू एकच झाले तर कोणाचे.

५. कोणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार.

६. विकायचे झाल्यास आधी दुसऱ्या मालकाला किंमत विचारणे. महापालिकेचा परवाना, नोंदणीचा कागद, मायक्रोचिपची नोंद, सर्वत्र दोघांची नावे. म्हणजे खरेदीदाराला 'मला माहीत नव्हते' असे म्हणणे जड जाईल.

७. शिरकत कधी व कशी संपेल. एक जण वारला किंवा बाहेर पडू इच्छितो, तर दुसऱ्याने कोणत्या किमतीला हिस्सा घ्यावा.

हे वाचून कोणी म्हणेल, भावाभावांत इतका कागद म्हणजे अविश्वास. उलट, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही तर आपल्याला कुराण शरीफचीच ताकीद आहे. आपण एका ताक्याची चिठ्ठी फाडतो, बिल्टी जपून ठेवतो, दलालाचा अर्धा टक्का चोपडीत लिहितो. आणि एक जिवंत जीव, ज्याला आपले हाल तोंडाने सांगता येत नाहीत, तो मात्र 'काय फरक पडतो' या शब्दांवर सोडून देतो.

बडे भाईंचे आणि माझे बोलणे दोन वर्षे बंद होते. २०२२ च्या रमजान ईदला ते स्वतः घरी आले. अठरा हजारांचे अर्धे नऊ हजार. त्यातून तीन महिन्यांच्या खाण्याचा माझा हिस्सा वजा करून बाकी रक्कम त्यांनी पाकिटात आणली होती. हिशेब बरोबर होता, मी घेतला. शीरखुर्मा झाला. ते म्हणाले, "तुम्ही पैसे पाठवले नाहीत, मला वाटले तुम्ही हात काढून घेतला." मी म्हणालो, "तुम्ही मागितले नाहीत, मला वाटले तुम्हाला गरज नाही." दोघेही खरे बोलत होतो.

आज आवारात पुन्हा एक कुत्रा आहे. तो एकट्या बडे भाईंच्या मालकीचा. मी दर महिन्याच्या पाच तारखेला राखणीचे पैसे देतो आणि पावती घेतो.